शासनाचा निधी आणि कंपनीची भागीदारी यांतून शाळेत सागरी अभ्यासक्रम सुरू करता येतो का?

आपण विचारले आहे की, किनाऱ्यावरच्या तालुक्यातील आपल्या शाळेत शासन, जवळच्या बंदरातील कंपनी आणि शिक्षणसंस्था या तिघांच्या पैशांतून नववी ते बारावीसाठी सागरी अभ्यासक्रम सुरू करण्याचे घाटत आहे. त्याला निधी कुठून मिळेल आणि असा अभ्यासक्रम टिकतो का?

सुरू करता येतो. आमच्याकडे अकरावी-बारावीला तो सुरू झाला होता आणि चौथ्या वर्षी बंद पडला. त्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवत होते आणि अभ्यासक्रमाच्या समितीवरही होते, त्यामुळे तो बंद पडण्यात माझाही हात होता असे संस्थेतील काही मंडळी अजून म्हणतात. हात नेमका कोणाचा होता हे सांगायला मला इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते. आपण विचारलेत, तेव्हा उत्तर थोडे लांबेल.

निधीचे आधी उरकून टाकते, कारण त्यात गूढ काही नाही. समग्र शिक्षा योजनेत नववी ते बारावीच्या व्यवसाय शिक्षणाला तरतूद असते आणि महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र व राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. आपली शाळा शासकीय आहे की अनुदानित, यावर तिच्यातून काय मिळेल हे अवलंबून राहील. खोली, शेड, साहित्य अशा एकदाच होणाऱ्या खर्चासाठी जिल्हा नियोजन समितीकडे जाता येते. कंपनीचा पैसा म्हणजे सीएसआर, म्हणजेच कंपनीने सामाजिक कामांवर करायचा खर्च. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम त्यासाठी खर्च करावी लागते, आणि व्यावसायिक कौशल्यांचे शिक्षण त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसते. मात्र 2021 च्या नियमदुरुस्तीप्रमाणे बहुवार्षिक प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे असते. याचा अर्थ असा की, आपण नववीत घेतलेली पहिली तुकडी बारावीच्या परीक्षेला बसेल त्याच सुमारास कंपनी कायदेशीरपणे हात झटकून मोकळी होऊ शकते. प्रस्ताव लिहिणाऱ्याने हे वाक्य टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवून ठेवावे.

वाढवण बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झाल्यापासून असे प्रस्ताव लिहिण्याचा उत्साह किनारपट्टीवर वाढलेला दिसतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण त्याच बंदराच्या भागीदारीकडे एकदा नीट पाहावे. सुमारे 76,000 कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा 74 टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा 26 टक्के, असे लिहून ठेवलेले आहे. आमच्या त्रिपक्षीय करारात काय लिहिले होते? कंपनी साहित्य देईल, संस्था जागा देईल आणि शासनाकडून निदेशकांची पदे 'यथावकाश' मंजूर करून घेण्यासाठी सर्व पक्ष 'आवश्यक ते सहकार्य' करतील. बंदर बांधायचे असेल तर टक्केवारी ठरते आणि शाळा चालवायची असेल तर सहकार्य ठरते, हा फरक मला त्या दिवशी कळला असता तर मी सही करणाऱ्यांच्या मागे उभी राहून फोटो काढून घेतला नसता.

ही 2015 सालची गोष्ट. कंपनीने विचारले की पैसे कशावर खर्च करावेत. संस्थेच्या कार्यवाहांना सिम्युलेटर हवा होता: जहाजाच्या सुकाणूकक्षासारखी मांडणी, समोर तीन मोठे पडदे, त्यांवर लाटा, आणि हातात धरायला चाक. माझे म्हणणे होते की एक जुनी पण धड होडी घ्यावी, तिचे इंजिन मुलांना खोलायला व जोडायला द्यावे, आणि आमच्याच खाडीतील एका अनुभवी तांडेलांना, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांना, दरमहा मानधन देऊन शिकवायला बोलवावे. कार्यवाह हसले. सातवी शिकलेला माणूस बारावीच्या मुलांना काय शिकवणार, असे त्यांनी भर सभेत विचारले आणि पुढे म्हणाले, "बाई, आपल्याला खलाशी नाही, अधिकारी घडवायचे आहेत." माझे वडील जहाजावर सुखानी, म्हणजे सुकाणू धरणारे खलाशी, होते. हे त्यांना ठाऊक होते.

सिम्युलेटर आला. तांडेल आले ते माझ्या हट्टामुळे, पण पाहुणे व्याख्याते म्हणून, महिन्यातून चार तासांसाठी, आणि तेवढ्या मानधनाच्या बिलालाही पुढे लेखापरीक्षणात हरकत निघाली, कारण मंजूर अर्हतेच्या यादीत तांडेल हा शब्दच नव्हता.

त्यांचा एक तास मी मागच्या बाकावर बसून पाहिलेला आहे. त्यांनी फळ्यावर काही लिहिले नाही. मुलांना विचारले, आज तिथी कोणती? अष्टमी. मग तिची पाऊणपट करा. सहा. म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळीही आणि संध्याकाळीही, आणि आज भांगाची लहान भरती आहे, उधाण नाही, म्हणून पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच येईल. संध्याकाळी मुले धक्क्यावर गेली आणि पाणी तिसऱ्या पायरीशीच थांबले. दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गात जाऊन सांगितले की चंद्राच्या हिशेबाने भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि तांडेलांच्या पाऊणपटीत ती 45 मिनिटांनीच सरकते, तेव्हा पंधरवड्याच्या शेवटी हिशेब तासाभराने चुकला पाहिजे. मुलांनी एका वाशावर वितीच्या खुणा करून तो धक्क्याला बांधला, दोन पंधरवडे पाळीपाळीने वेळा टिपल्या, आणि चतुर्दशीच्या आसपास हिशेब खरोखरच तासाभराने मागे पडलेला निघाला. मी ती वही विजयाने तांडेलांपुढे ठेवली. ते म्हणाले, "बाई, पुनवेला गणित कोण करतंय? पुनवेची भरती बाराची, ती शेंबड्या पोराला ठाऊक. गणित मधल्या दिवसांचं."

तीस वर्षांच्या नोकरीत भरती-ओहोटीचा इतका चांगला तास मी स्वतः घेतलेला नाही. नियम, त्याची मर्यादा, मोजमाप आणि मर्यादेवरचा व्यवहारी तोडगा हे सगळे त्यात आले, आणि खर्च एका वाशाचा झाला. सिम्युलेटरवरच्या तासांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. पहिल्या वर्षी पाहुणे आले की तो सुरू होत असे; तिसऱ्या वर्षी आज्ञावलीचा वार्षिक परवाना संपला, कंपनीची मुदतही संपली, आणि नूतनीकरणाचे पैसे कोणाच्याच खात्यात नव्हते. आता ते पडदे स्नेहसंमेलनाला वापरतात.

उद्घाटनाच्या भाषणात कार्यवाहांनी न्यूयॉर्कच्या हार्बर स्कूलची छायाचित्रे दाखवली होती. ती शाळा 2003 मध्ये सुरू झाली, 2010 पासून गव्हर्नर्स आयलंड या बेटावर भरते, आणि तिथली मुले बोटी चालवतात, पाण्याखाली बुडी मारायला शिकतात, बंदराच्या पाण्यात कालवांची वाढ करतात. उदाहरण उत्तम होते, फक्त ते माझ्या बाजूचे होते. ती शहराची सार्वजनिक शाळा आहे. भागीदार संस्था त्या पायावर अधिकचे काही उभे करतात, पायाच त्यांच्या भरवशावर सोडलेला नाही. शिवाय त्या छायाचित्रांतली मुले ओली होती, हे समोरच्या रांगेतील कोणाच्याही लक्षात आले नाही.

आता माझा वाटा. आम्ही हा अभ्यासक्रम बारावीच्या व्यवसाय शाखेत बसवला, कारण मंजुरी तिथे लवकर मिळत होती. त्या शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तीन विषय पूर्ण स्वरूपात नसतात. जहाजावर अधिकारी होण्याचा रस्ता भारतीय सागरी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून जातो, आणि तिथे बारावीला याच तीन विषयांत मिळून 60 टक्के गुण व दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत 50 टक्के गुण मागतात. म्हणजे 'अधिकारी घडवायचे' म्हणून उभारलेल्या अभ्यासक्रमाने मुलांसाठी अधिकारी होण्याचेच दार बंद केले होते. दुसरीकडे, खलाशी म्हणून जाण्यासाठी सहा महिन्यांचे जीपी रेटिंग प्रशिक्षण असते. त्याला दहावीला 40 टक्के व इंग्रजीत 40 टक्के पुरतात आणि वयाची अट साडेसतरा वर्षे पूर्ण असण्याची आहे. मग पालकांनी विचारले की दहावीवर जे मिळते त्यासाठी मुलाने इथे दोन वर्षे कशाला काढायची? या प्रश्नाला समितीकडे उत्तर नव्हते, आणि चौथ्या वर्षी प्रवेशासाठी सात अर्ज आले. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेला आपलाच विषय अभ्यासक्रमात नाही हे दुसऱ्या वर्षी लक्षात यावे, ही माझी चूक होती आणि ती मी मान्य करते. तांडेलांच्या मानधनासाठी भांडण्यात मी इतकी गुंतले होते की वेळापत्रक नीट वाचले नाही.

तेव्हा आपण विज्ञान शाखेत द्विलक्षी (बायफोकल) विषयाच्या मार्गाने जावे. 200 गुणांच्या त्या विषयाने दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतली तरी इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित शाबूत राहतात, आणि मुलासमोर दोन्ही दारे उघडी राहतात. सागरी स्वरूपाचा विषय आपल्याला तिथे मंजूर करून घ्यावा लागेल, आणि ते सोपे नाही. प्रवेशाच्या वेळी नव्हे, तर आठवीतच सर्व मुलांचे डोळे तपासून घ्यावेत. जहाज हाकणाऱ्या डेक विभागात चष्म्याविना 6/6 दृष्टी मागतात आणि रंगांधळेपण चालत नाही. आमच्या दुसऱ्या तुकडीतील सर्वांत हुशार मुलाला हे बारावीनंतर वैद्यकीय तपासणीत कळले.

वेळापत्रकाचा आणखी एक घोळ सांगते, जो मंत्रालयात बसून कधीच दिसत नाही. शाळा जूनमध्ये भरते आणि समुद्र नेमका तेव्हाच बंद असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी, नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारलेल्या, दिवाळीची सुट्टी, आणि जानेवारी उजाडला की प्रात्यक्षिक परीक्षांची घाई. पाण्यावर जायला सलग असा प्रत्यक्षात नोव्हेंबर-डिसेंबरच उरतो. म्हणून जाळे विणणे, दोरखंडाच्या गाठी, इंजिन खोलणे आणि पोहणे हे सारे पावसाळ्यात ठेवावे, आणि होडीवरचा मोठा भाग अकरावीच्या परीक्षेनंतर एप्रिल-मे महिन्यांत घ्यावा. त्यासाठी सुट्टीतील मानधन, डिझेल, विमा आणि जीवरक्षक जाकिटे यांची तरतूद करारात स्वतंत्र ओळीत लिहावी लागते. 'इतर खर्च' या ओळीत डिझेल कधीच बसत नाही.

सिम्युलेटर निरुपयोगी असतो असे माझे म्हणणे नाही. अधिकाऱ्यांच्या रडार आणि इलेक्ट्रॉनिक नकाशांच्या प्रशिक्षणात तो लागतोच, आणि तिथे तो चालवणारी माणसेही असतात. प्रत्येक मुलाने जहाजावरच जावे असेही नाही. बंदरातील क्रेन, कंटेनरची गोदामे, सीमाशुल्काची कागदपत्रे, मासेमारी नौकांच्या इंजिनांची दुरुस्ती, ही कामे किनाऱ्यावरचीच आहेत आणि आपल्या कंपनीला बहुधा त्यांचीच माणसे लागणार आहेत. तसे असेल तर कराराच्या पहिल्याच पानावर त्यांच्याकडून किती उमेदवारीच्या (अप्रेंटिसच्या) जागा दर वर्षी मिळतील तो आकडा लिहून घ्यावा. आणि मुलांना एवढे तरी नववीतच शिकवावे की जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार, म्हणजे एमएलसी 2006 नुसार, निषिद्ध आहे, आणि भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल हा भरतीचा परवाना असावा लागतो. आमच्या पहिल्या तुकडीतील एका मुलाच्या आईने दलालाला पैसे देण्यासाठी पाटल्या मोडल्या होत्या. आमच्या अभ्यासक्रमात या विषयावर एकही तास नव्हता, आणि सुकाणूकक्षातील उपकरणांची इंग्रजी नावे मात्र त्याला पाठ होती.

तांडेल आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण मे महिन्यात शिकवायला येण्याइतके खुटखुटीत आहेत. आपला प्रस्ताव मंजुरीपर्यंत पोचला तर मला कळवावे, मी त्यांना विचारीन. मानधन मात्र दरमहा, आणि 'निदेशक' या पदनामाखालीच असावे, हे आधी ठरवून घ्यावे लागेल.