टार्नीटला राहायला येताय, मग टीम बुलडॉग्जच

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये पुण्याहून मेलबर्नला येताय, शहराच्या पश्चिमेकडच्या टार्नीट या उपनगरात घर ठरत आलंय आणि मिस्टरांच्या नव्या ऑफिसातल्या पहिल्याच व्हिडिओ कॉलवर दोघांनी त्यांना 'तुझी फूटी टीम कोणती?' असं विचारलं. फूटी म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. नऊ वर्षांचा मुलगा क्रिकेटवेडा आहे. या खेळात पडायची खरंच गरज आहे का, आणि पडायचंच तर कोणती टीम धरायची, असा तुमचा प्रश्न आहे. घर, शाळा, मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्य योजना) याची माहिती तुम्ही जमवलेली दिसते, म्हणून मी फक्त याच प्रश्नाचं उत्तर देते. थोडं लांबेल.

गरज नाही. फूटीचा एकही सामना न बघता वीस-वीस वर्षं इथे सुखाने राहिलेली मराठी कुटुंबं मला माहीत आहेत. तरीही माझा आग्रह आहे की तुम्ही यात पडा, आणि टार्नीटला राहणार असाल तर वेस्टर्न बुलडॉग्जच धरा. जी टीम वर आहे ती धरायची, हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. तो ऐकू नका. आपल्याकडे गल्लीचं गणेश मंडळ आपण निवडत नाही. जिथे राहतो तिथलं ते आपलं, मूर्ती लहान असो की मोठी. इथे टीमचंही तसंच असतं. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांची टीम म्हणजे बुलडॉग्ज. १९९६ च्या हंगामापर्यंत त्यांचं नावच इथल्या फूट्सक्रे या उपनगरावरून फूट्सक्रे होतं.

आम्ही १९९१ साली आलो ते थेट फूट्सक्रेलाच. तेव्हाचा पश्चिम भाग म्हणजे कारखाने, गोदामं, रेल्वेची यार्डं आणि कामगारांची लाकडी घरं. आजूबाजूला ग्रीक, इटालियन, माल्टीज, युगोस्लाव आणि नुकतीच स्थिरावलेली व्हिएतनामी कुटुंबं. बार्कली स्ट्रीटवर आज जी आपली किराणा दुकानं आणि डोसा-चाटची हॉटेलं दिसतात, त्यातलं तेव्हा काहीही नव्हतं. नवरा कामावर गेला की दिवसभर बोलायला माणूस नसायचं. शेजारी एक आजी राहायच्या. त्यांनी एका शनिवारी कुंपणावरून विचारलं, दुपारी काय करतेयस? आणि मला वेस्टर्न ओव्हलवर फूट्सक्रेच्या सामन्याला घेऊन गेल्या. घरापासून चालत जाण्यासारखं मैदान. बोचरा वारा सुटला होता, पाऊस भुरभुरत होता. नियम एकही कळत नव्हता. पण भोंगा वाजला आणि ती सगळी माणसं एका आवाजात ओरडली, तेव्हा या देशात आल्यापासून पहिल्यांदा मी इतक्या माणसांच्या मधोमध उभी होते, आणि त्यांच्यातल्या कोणालाही मी तिथे का आले असं वाटलं नाही. आजींनी ओळख करून दिली ती 'ही आपल्यातली' एवढ्याच शब्दांत.

त्या दिवशी तो क्लब तिथे होता हेच नवल होतं, हे मला नंतर कळलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, फूटीच्या लीगने फूट्सक्रेचं फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबशी विलीनीकरण जाहीर केलं होतं. क्लब कर्जात होता. म्हणजे संपलाच होता. पण पश्चिमेकडच्या लोकांनी ते मानलं नाही. पीटर गॉर्डन नावाचा तरुण वकील पुढे झाला आणि आयरीन चॅटफिल्ड या एका साध्या समर्थक बाईंनी कोर्टात दावा लावला. मैदानावर सभा भरली. माणसं रस्त्यावर, दुकानांबाहेर, सिग्नलला डबे खुळखुळवत उभी राहिली. काही आठवड्यांत दहा लाखांहून जास्त डॉलर जमले, तेही जिथे लोकांच्या नोकऱ्या जात होत्या अशा भागातून. आजीही डबा घेऊन उभ्या होत्या. फिट्झरॉयच्या नशिबात तेवढं नव्हतं, ते १९९६ मध्ये ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विलीन झाले. त्याआधी १९८२ मध्ये साउथ मेलबर्न क्लबला सिडनीला जावं लागलं होतं. आपला क्लब राहिला तो लोकांनी ठेवला म्हणून. तुम्ही ज्या भागात घर घेताय तिथल्या माणसांबद्दल यातून जेवढं कळतं, तेवढं घरांच्या किमतींच्या तक्त्यांतून कळणार नाही.

आता मुलासाठी खेळाची तोंडओळख. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल. एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला की गोल, त्याचे ६ पॉइंट. मधला खांब आणि बाजूचा खांब यांमधून गेला तर बिहाइंड, १ पॉइंट. चेंडू फेकायचा नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा किंवा लाथेने. किमान १५ मीटर आलेल्या किकचा स्वच्छ झेल घेतला तर त्याला मार्क म्हणतात, मग थांबून शांतपणे पुढची किक मारता येते. चार क्वार्टर. ऑफसाइड वगैरे भानगड नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला उंच झेल घेणं आधीच आवडत असतं, त्यामुळे तो एका दिवसात रमेल.

आणि त्याला हेही सांगा. टॉम विल्स हा मेलबर्नचा क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी अंग मोकळं ठेवावं म्हणून फुटबॉल क्लब काढावा असं त्याने १८५८ मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं, आणि १८५९ मध्ये या खेळाचे पहिले नियम लिहिणाऱ्यांत तो होता. त्याच विल्सने पुढे १८६६ मध्ये आदिवासी क्रिकेटपटूंचा संघ मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर बॉक्सिंग डेला उतरवला. त्या संघातला जॉनी मुलाघ हा थोर खेळाडू. आपल्या अजिंक्य रहाणेने २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीत ११२ धावा काढल्या आणि सामनावीर म्हणून त्याला जे पदक मिळालं, ते या मुलाघच्या नावाचं. पहिल्यांदाच दिलं गेलं होतं. संगमनेरकडच्या मुलाच्या गळ्यातलं ते पदक आणि सप्टेंबरात त्याच मैदानावर होणारी फूटीची ग्रँड फायनल, दोन्हीच्या मुळाशी टॉम विल्स आहे. मला हे फार मोठं वाटतं.

बुलडॉग्ज जिंकतात का, हे मुलगा विचारेलच. खरं सांगा. पहिलं विजेतेपद १९५४ चं. चार्ली सटन कर्णधारही आणि प्रशिक्षकही, आणि संघात तरुण टेड व्हिटन. आजी तेव्हा शाळेत होत्या आणि वडिलांबरोबर मैदानावर होत्या. मी आले त्यानंतर आम्ही १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९, २०१० अशा सहा वेळा ग्रँड फायनलच्या आधीच्या सामन्यापर्यंत गेलो आणि सहाही वेळा हरलो. यातलं १९९७ अजून खुपतं. शेवटच्या क्वार्टरला पुढे होतो आणि ॲडलेडकडून २ पॉइंटनी गेलो. स्टेशनपर्यंत कोणी एक अक्षर बोललं नाही. पण पुढच्या मार्चमध्ये तीच माणसं त्याच जागांवर होती.

टेड व्हिटनबद्दल थोडं. फूट्सक्रेसाठी ३२१ सामने खेळलेला माणूस. १९९५ च्या जूनमध्ये कर्करोगाने दृष्टी गेलेली असताना मुलाच्या सोबतीने गाडीतून त्याने मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला शेवटची फेरी मारली. सगळं मैदान उभं होतं. ऑगस्टमध्ये तो गेला आणि वेस्टर्न ओव्हल व्हिटन ओव्हल झालं. आज पुरुषांचे मोठे सामने तिथे होत नाहीत, सराव आणि ऑफिस तिथे आहे. बाहेर त्याचा पुतळा आहे. किराणा आणायला बार्कली स्ट्रीटला जाल तेव्हा मुलाला तिथपर्यंत चालत न्या.

आणि २०१६. साखळी सामने संपून बाद फेरी सुरू झाली तेव्हा आम्ही सातवे होतो. कर्णधार बॉब मर्फी तिसऱ्याच फेरीत गुडघा जायबंदी होऊन बाहेर. पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवलं, मग लागोपाठ तीन वर्षं विजेते राहिलेल्या हॉथॉर्नला, मग सिडनीत जायंट्सला ६ पॉइंटनी. १ ऑक्टोबरला ग्रँड फायनल, समोर सिडनी स्वान्स. आम्ही ती घरी टीव्हीवर बघितली, कारण आजींना आता गर्दी झेपत नव्हती आणि त्यांना सोडून जायचं मनातही आलं नाही. शेवटच्या क्वार्टरला टॉम बॉइडने लांबून मारलेली किक घरंगळत गोलात गेली, तेव्हा आजींनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. ८९ विरुद्ध ६७. बासष्ट वर्षांनी. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने स्वतःचं पदक काढून मर्फीच्या गळ्यात घातलं. पंचवीस वर्षं ज्यांच्यासोबत हरले, त्यांच्यासोबत त्या दिवशी जिंकले, आणि तो आनंद विकत मिळण्यासारखा नाही. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला जेसन जोहानिसन. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, लहानपणी आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आलेला मुलगा. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा.

मैदानावर सुरक्षित असतं का, हेही तुम्ही विचारलंय. दोन्ही टीमचे लोक शेजारी-शेजारी बसतात, वेगळे कठडे नसतात. आजीआजोबा, तान्ही बाळं, सगळे असतात. दारूबंदी असलेले विभाग असतात, तिथली तिकिटं घ्या. वर्णद्वेष नाही असं मी म्हणणार नाही. १९९३ मध्ये निकी विन्मार या आदिवासी खेळाडूने शिव्या देणाऱ्या गर्दीसमोर जर्सी वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखवलं होतं. ॲडम गुड्ससारख्या मोठ्या आदिवासी खेळाडूला २०१५ पर्यंत मैदानोमैदानी हुर्यो सहन करावी लागली, आणि लीग व सगळ्या क्लबांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये. मलाही एकदा मागच्या रांगेतून काहीबाही ऐकावं लागलं होतं. माझ्या आधी शेजारच्या दोघी उठल्या आणि त्या माणसाला बाहेर काढायला लावलं. आता तक्रारीसाठी मैदानावर मेसेज करायचा नंबर लावलेला असतो. तो आत शिरतानाच फोनमध्ये घालून ठेवा आणि गरज पडली तर वापरा, गप्प बसू नका.

व्यवहाराचं पटकन. हंगाम मार्च ते सप्टेंबर, म्हणजे तुम्ही ऐन मध्यावर येताय. आपले बरेच घरचे सामने डॉकलंड्सच्या मार्व्हल स्टेडियमवर असतात. टार्नीटहून ट्रेन सदर्न क्रॉस स्टेशनला जाते, तिथून पुलावरून पाच-दहा मिनिटं चालत. छत बंद करता येतं, त्यामुळे जून-जुलैतही मुलं गारठत नाहीत. घरचा डबा नेता येतो, फक्त काच आणि कॅन नको. आम्ही थालीपीठं नेतो, शेजारच्यांना देतो आणि त्यांचे चिप्स खातो. मेंबरशिप पहिल्या वर्षी घेऊ नका. दोन-तीन सामने साध्या तिकिटावर बघा, कुठे बसायला आवडतं ते ठरवा, मग पुढच्या हंगामासाठी घ्या. लहान मुलांसाठी ऑसकिक नावाचा वर्ग जवळजवळ प्रत्येक उपनगरात चालतो. जूनमध्ये त्याचा हंगाम निम्मा झालेला असेल, तेव्हा पुढच्या मार्चमध्ये नाव घाला. तोवर शाळेच्या मधल्या सुट्टीत तो आपोआप शिकेल. धाकटी मुलगी आहे असं लिहिलंय, तर तिलाही न्या. बायकांची लीग २०१७ पासून आहे, आणि २०१८ चं विजेतेपद आपल्या बुलडॉग्जच्या मुलींनी भर पावसात जिंकलंय.

मिस्टरांना सांगा, ऑफिसात दर आठवड्याला कोण जिंकणार याचे अंदाज लावायची स्पर्धा असते, तिच्यात नाव द्या. नियम कळायची वाट बघू नका. सोमवारी सकाळी 'शनिवारी काय झालं बघितलंस का' एवढं एक वाक्य पुरतं, पुढची पंधरा मिनिटं समोरचा बोलतो. आणि टीम विचारली की 'बघू, अजून ठरवलं नाही' म्हणू नका. 'डॉग्ज, आम्ही पश्चिमेला राहतो' म्हणा. कॉलिंगवूड टीमवाले चिडवतील, चिडवू द्या. चिडवायला लागले म्हणजे तुम्हाला आपल्यात घेतलं.

आलात की कळवा. जुलैत डॉकलंड्सला रविवारचा सामना असला तर आम्ही फूट्सक्रेहून येतो, सदर्न क्रॉसला भेटू. मुलांना निळं किंवा लाल काहीतरी घाला.