बाटलीच्या तळाला बसलेली हळद

तुझ्या हळदीच्या टोनरची (चेहऱ्याला लावायच्या पाण्याची) बाटली बघितली. वर पाणी, तळाला पिवळा गाळ. खानापुरात माझ्या पहिल्या टोनरचंही हेच झालं होतं की! कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, कितीही घुसळ. आणि कुणी सांगितलं तरी सोडा घालू नकोस, रंग लालसर होतो आणि कर्क्युमिन झपाट्याने मोडतं.

आधी हळदीचा अर्क थोड्या तेलात घे, त्यात पॉलिसॉर्बेट ८० (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घालून कोमट करून एकजीव कर. त्याचा एचएलबी, म्हणजे ओढा तेलाकडे की पाण्याकडे ते सांगणारा आकडा, १५ आहे; म्हणजे ओढा पाण्याकडे. पॉलिसॉर्बेट तेलाच्या चौपट वजनाने घेऊन सुरुवात कर, मग कमी करत जा. पाणी मात्र थेंबथेंब, ढवळत. मध्येच ते पाकासारखं घट्ट होतं; मी घाबरून एकदा सगळं मोरीत ओतलं होतं. तू ढवळत राहा, पुढे पातळ होतं.

पिण्याच्या काढ्यात पॉलिसॉर्बेट कडवट लागेल. तिथे तेच काम करणारं लेसिथिन बरं, पण पाणी दुधाळ दिसतं.

बाटली तपकिरी घे, उजेडाने रंग उडतो. आपल्याकडच्या पावसात बुरशी लगेच धरते, तेव्हा टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट हवंच. ते आम्लातच काम करतं, म्हणून लिंबूसत्त्व घालून सामू (पीएच) ४.५ च्या खाली ठेव.