फिनिक्स की न्यू जर्सी: शाळेआधी शाळेच्या पैशाचा माग काढ

तुझा निरोप नौपाड्यात, आईच्या घरी वाचला. ॲरिझोनातल्या शाळांना मेअखेर सुट्टी लागते आणि जुलैच्या शेवटी त्या उघडतात, त्यामुळे आमचं ठाण्याला येणं नेहमी पावसाच्या तोंडावरच होतं. तू लिहिलंयस की नवऱ्याला नोकरीसाठी ॲरिझोनातलं फिनिक्स आणि न्यू जर्सी यांतलं एक ठरवायचंय, मुलगा चौथीत जाईल, मुलीचं सिनियर केजी झालंय. आणि ऐरोलीत कोणीतरी सांगितलं की ॲरिझोनात सरकार मुलांच्या शिक्षणाचे पैसे पालकांच्याच हातात देतं. मग तिथे सरळ खासगी शाळाच घ्यावी का, असं विचारलंयस.

ऐकलंस ते खरं आहे. तरी आठ वर्षं फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये राहून, दोन मुली तिथल्या शाळांत वाढवून माझं मत पक्कं झालंय: आधी घराजवळच्या सरकारी शाळेत जाऊन बघ. ते पैसे अगदीच काही जमलं नाही तर.

त्या योजनेला तिथे सगळे ईएसए (एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट) म्हणतात. २०११ मध्ये ती अपंग मुलांसाठी सुरू झाली, मग एकेक गट वाढत गेला. २०१८ मध्ये ती सरसकट खुली करायचा प्रश्न मतदारांपुढे आला तेव्हा सुमारे ६५ टक्के लोकांनी नाही म्हटलं. तरीही २०२२ मध्ये विधिमंडळाने ती सगळ्यांना खुली केली आणि तेव्हाचे गव्हर्नर डग ड्यूसी यांनी सही केली. आता घरचं उत्पन्न कितीही असो, बहुतेक मुलांमागे वर्षाला ७,००० डॉलरच्या आसपास मिळतात.

हे समजायला आपला आरटीई डोळ्यांपुढे आण. खासगी शाळेत २५ टक्के जागा, फी सरकार भरणार, मुलामागे १७,६७० रुपये. पैसा सरकारी, शाळा खासगी, इथपर्यंत दोन्ही सारखंच. पण आरटीई गरिबाच्या पोरासाठी आहे आणि सोडतीत नंबर लागला की शाळेला नाही म्हणता येत नाही. आईकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू २०२४ मध्ये यातच अडकला होता. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला तेव्हा कुठे त्याचा प्रवेश झाला. मावशी अजून तो मेसेज जपून आहेत.

ॲरिझोनात हे उलटं आहे. पैसे श्रीमंतालाही मिळतात, पण शाळा तुझ्या मुलाला नाकारू शकते. फी त्या रकमेच्या दुप्पट असली तर वरचं तू भरायचं. राज्याची परीक्षा घेण्याचं बंधन त्या शाळांवर नाही, म्हणजे मूल किती शिकलं हे पडताळायला तुझ्या हातात शाळेच्याच शब्दापलीकडे फारसं काही राहत नाही. शिवाय करारावर सही करताना त्या काळापुरता सरकारी शाळेवरचा हक्क सोडावा लागतो. मुलाला विशेष मदत लागत असेल तर केंद्रीय कायद्याने सरकारी शाळेवर असलेली जबाबदारीही त्यासोबत सुटते. हे फार आयांना सही झाल्यावर कळतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

तिसरा प्रकार चार्टर शाळांचा. आपल्या अनुदानित शाळेसारखंच समज: चालवणारी संस्था वेगळी, पैसा राज्याचा, फी नाही, अर्ज जास्त आले तर लॉटरी. १९९४ च्या कायद्याने त्या आल्या आणि आज राज्यातल्या सरकारी पैशावर शिकणाऱ्या दर पाच मुलांमागे साधारण एक चार्टरमध्ये आहे. थोरलीचा एका नावाजलेल्या चार्टरमध्ये नंबर लागला तेव्हा मी पेढे वाटले होते. शाळा पंचवीस मिनिटांवर, बस नाही. रोज दुपारी गाड्यांच्या रांगेत पाऊण तास, बाहेर ४३-४४ अंश, मागच्या सीटवर धाकटी घामाने भिजून झोपलेली. तिसरीतल्या मुलीला दोन तासांचा गृहपाठ. ती गणितात मागे पडली तेव्हा कोणी तिला जवळ घेऊन शिकवलं नाही. ‘ही शाळा तिला झेपते का याचा विचार करा’ एवढं मला सांगितलं. दीड वर्षाने तिला घरामागच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागाच्या शाळा मंडळाच्या सरकारी शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसायला सुरुवात केली. चार्टर सगळ्या अशाच असतात असं नाही, तिथे आनंदात शिकणारी मुलंही ओळखीत आहेत. पण निवड करताना बस आहे का, हे गुणांच्या यादीआधी विचार.

आता पैशाचं, कारण खरी गोम तिथे आहे. तिथल्या सरकारी शाळांना पैसा मुख्यतः राज्याकडून आणि स्थानिक मालमत्ता करातून मिळतो, केंद्राचा वाटा लहान. अमेरिकी जनगणना विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या आर्थिक वर्षात एका मुलामागचा खर्च देशात सरासरी १५,६३३ डॉलर होता, न्यू जर्सीत २५,०९९ आणि ॲरिझोनात १०,३१५, म्हणजे तळातून तिसरा. हा फरक वर्गात दिसतो. वर्ष सुरू होताना यादी येते: टिश्यूचे खोके, फळ्यावरची मार्कर पेनं, झेरॉक्सच्या कागदाचे गठ्ठे. धाकटीच्या बाई शाळा सुटल्यावर स्वतःच्या पैशाने आणलेल्या पेन्सिली मोजून डब्यात ठेवत होत्या, तो डबा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

लोकांना हे मान्य आहे असं नाही. २०२० मध्ये मतदारांनी जास्त उत्पन्नावर शिक्षणासाठी वेगळा कर मंजूर केला होता. २०२२ मध्ये न्यायालयात तो टिकला नाही. म्हणून डिस्ट्रिक्ट ‘ओव्हरराइड’ मागतात, म्हणजे नोव्हेंबरच्या मतदानात स्थानिक लोकांनीच आपला मालमत्ता कर वाढवून शाळेला जादा पैसा द्यायचा. मुदत सात वर्षं, मग पुन्हा मागायचं. तुझ्या मुलीसाठी हे थेट महत्त्वाचं आहे. तिला ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण होणार, पहिलीला १ सप्टेंबरआधी सहा लागतात, म्हणजे ती किंडरगार्टनमध्ये बसेल. वर्ष वाया गेलं असं मानू नकोस. पण राज्य किंडरगार्टनचा पैसा अर्ध्या दिवसाचाच देतं. पूर्ण दिवसाचा वर्ग बऱ्याच ठिकाणी ओव्हरराइडवर चालतो. घर भाड्याने घेण्याआधी त्या डिस्ट्रिक्टचा ओव्हरराइड कधी मंजूर झाला आणि कधी संपतो, एवढं बघ.

पटाचंही विचार. मुलं कमी होतायत, त्यात चार्टर आणि ईएसए, आणि पैसा पटामागे जातो. फिनिक्सच्या रूझवेल्ट डिस्ट्रिक्टने डिसेंबर २०२४ मध्ये एकदम पाच शाळा बंद करायचं ठरवलं. ही बातमी वाचून मला ठाण्यातली माझी मराठी शाळा आठवली. आमच्या वेळी पाचवीच्या चार तुकड्या, परवा गेटवर चौकशी केली तर एक.

न्यू जर्सीत असे पैसे हातात मिळत नाहीत, चार्टरही बहुतेक मोठ्या शहरांत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच गरीब शहरांतल्या शाळांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा द्या असं राज्याला बजावलं होतं. मालमत्ता कर मात्र देशात सगळ्यात जास्त, तो घरभाड्यात वसूल होतो. दोन्ही ठिकाणच्या पगारातून भाडं वजा करून सारखंच उरत असेल, तर मी न्यू जर्सी म्हणेन.

फिनिक्स ठरलं तर दोन गोष्टी. प्रवेशाच्या अर्जात घरी कोणती भाषा बोलता, मूल आधी कोणती भाषा शिकलं, असे तीन प्रश्न असतात. आपले लोक चाचणी टळावी म्हणून ‘इंग्रजी’ लिहितात. तू मराठी लिही. थोरली त्या चाचणीत बोलण्यात कच्ची ठरली आणि काही महिने तिला इंग्रजीसाठी वेगळ्या बाई मिळाल्या, एक पैसा न देता. दुसरं, राज्याचा कर भरताना सरकारी शाळेला जोडप्याने ४०० डॉलरपर्यंत दिले तर तेवढेच करातून वजा होतात. आम्हाला तिथे मत नाही, पण हे दर एप्रिलला करतो, आणि शाळा मंडळाच्या सभेत जाऊन मी दोनदा बोललेही आहे.

कागदांत जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड (तारखा डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घे), शाळेचा दाखला आणि तिथला भाडेकरार लागेल. व्हिसा कुठला यावरून सरकारी शाळा मुलांना अडवत नाही.

मी १२ जुलैपर्यंत इथे आहे. रविवारी मुलांना घेऊन ये, ऐरोलीहून ठाणे दोनच स्टेशनं. थोरली तुझ्या मुलाला तिथली शाळा कशी असते ते माझ्यापेक्षा नीट सांगेल.