हरणापासून मूसपर्यंत एकच रायफल: कॅलिबर कुठलं?

ऐरोलीहून कॅनडातल्या अल्बर्टाला शिकारीला चाललाय, हरीण, एल्क, मूस (ही दोन्ही तिकडची खूप मोठी हरणं) सगळ्यांना मिळून एकच रायफल हवीये, तर डोळे मिटून .३०-०६ स्प्रिंगफील्ड कॅलिबरची, म्हणजे त्या मापाचं काडतूस लागणारी, घ्या. मी ठाण्याचाच, तिकडे चार मोसम हीच वापरली. हे १९०६ सालचं अमेरिकन लष्कराचं काडतूस, त्यामुळे खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही खोकं मिळण्याची शक्यता जास्त. खरी गंमत गोळीच्या वजनात आहे:

- हरणाला १५० ग्रेन (गोळीचं वजन मोजायचं एकक)
- एल्क, मूसला १८० ग्रेन, तीही आत फुटून न विखुरणारी

वजन बदललं की गोळी वेगळ्या जागी लागते, म्हणून स्कोप (नेम धरायची दुर्बीण) पुन्हा जुळवायचा. हे विसरतात लोक, आणि मग दोष रायफलला!

मात्र धक्का सोसत नसेल तर .३०८ विंचेस्टर बघा. गोळीचा व्यास तोच, काडतूस आखूड, लाथ थोडी सौम्य. धक्क्याच्या भीतीने खांदा चोरून मारलेल्या मोठ्या कॅलिबरपेक्षा ते कधीही बरं.

आणि हे सगळं तिकडचं, तेही लायसन्स काढून. इकडे ठाण्यात येऊरच्या जंगलात रानडुक्कर समोर आलं तरी फोटोच काढायचा. १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे.