टी-शर्टवर १९८२ छापणारेत, मी जाऊ का नको?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहतो, एसटीत ३३ वर्षं कंडक्टर होतो, दोन वर्षं झाली रिटायर होऊन. आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर डिसेंबरात हरिपूर रोडच्या एका हॉलवर ठरलंय, वर्गणी दीड हजार आणि सगळ्यांना टी-शर्ट, मागं 'एसएससी १९८२' छापून. माप कळवा म्हणून ग्रुपवर चार वेळा मेसेज आला, मी अजून गप्प आहे. कारण मार्चला मी गणितात गेलो होतो, २९ मार्क, ऑक्टोबरला सुटलो. ग्रुपवरचे निम्मे पुण्यामुंबईला इंजिनिअर, दोघं तर अमेरिकेत. दुसरं म्हणजे २००३ ला माझ्या सांगली-स्वारगेट गाडीत आमचा पहिल्या नंबरवाला बसला होता, मी लगेच ओळखलं. सुट्टे नव्हते म्हणून तिकिटामागं आठ रुपये बाकी लिहून दिली. तो काही बोलला नाही मग मीपण नाही बोललो, स्वारगेटला बाकी न घेताच उतरून गेला. आता त्यानंच हा ग्रुप काढलाय. मिसेस म्हणते जावा की, २०१९ च्या पुरात नऊ दिवस वर्गमित्राच्याच घरात राहिलो ना विश्रामबागला. पण मला जिवावर आलंय. काय करू?

उत्तर : अहो भाऊ, आधी एक हिशोब करू, गणिताचा नाही, कॅलेंडरचा. ऑक्टोबर १९८२ हे १९८२ मध्येच येतं ना? मग टी-शर्टवर छापलंय ते तुमच्यासाठीही खरंच आहे, सर्टिफिकेट काढून बघा, त्यावर पण तेच साल असणार. आणि 'ऑक्टोबरची वारी' करणारे तुम्ही एकटे नव्हता हो, आमच्या वर्गात सात जण होते, ग्रुपवर कोण लिहितंय ते. आताच्या पोरांचं बरंय, २०१५ पासून बोर्ड फेरपरीक्षा जुलैच्या आसपासच उरकतं त्यामुळे वर्ष वाया जात नाही. तुमच्या वेळी बाकीचे सायकलवर कॉलेजला चाललेत आणि आपण खिडकीत भूमितीचं पुस्तक घेऊन बसलोय, असे ते चार महिने. मला वाटतं मार्कांपेक्षा तेच जास्त लागलंय तुम्हाला.

आता एवढी नोकरी केलेल्या माणसाला हे अजून का टोचतं? तर आठवणींचा अभ्यास करणारे सांगतात की साधारण दहा ते तीस वयातल्या गोष्टी उतारवयात सगळ्यात ठळक राहतात, पुढची वर्षं त्यामानानं पुसट. म्हणून तो पेपर काल झाल्यासारखा वाटतो. पण हेच तिथं येणाऱ्या प्रत्येकाचं, ज्याला त्याला स्वतःची फजिती आठवत असणार, तुमचे २९ कोण पाठ करून बसलंय?

मिसेसचं म्हणणं तर लाख मोलाचं. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्या मित्रानं दार उघडून आधी गणितात किती पडले होते ते विचारलं का? दुसरं काही नाही तर त्याच्या शेजारी बसून जेवायला म्हणून तरी जावा.

खरं सांगायचं तर स्टेजवरचा भाग कंटाळवाणा असतो, मीपण मागं आमच्या बॅचला जाऊन आले. परिचय म्हणून माईक फिरवला तर जो तो पोराचं पॅकेज सांगायला लागला, एकानं सुनेच्या व्हिसाची अख्खी कथा लावली, मग आम्ही मागच्या रांगेतल्या बायकांनी भडंगाचा पुडा फोडला आणि त्यानंतर कोण काय बोललं देव जाणे. मजा आली ती जेवणं झाल्यावर पार्किंगमध्ये. एकजण खिसे चाचपत शुगरची गोळी शोधतोय, दुसरी पर्समधनं काढून देते की ही घे, बघतोय तर दोघांची गोळी एकच! तिथनं जे हसायला सुरुवात झाली ते वॉचमननं गेट लावायला घेतलं तेव्हा थांबलो. तेव्हा माईक आला की नाव, सांगली डेपो, ३३ वर्षं कंडक्टर, एवढं सांगून खाली बसा. निम्म्या वर्गाच्या आईबापांना तुम्ही तिकीट फाडून दिलं असेल, ते आपणहून येतील बोलायला.

राहिला पहिल्या नंबरवाला. खाकी कपडे, खांद्याला बॅग, हातात पंच, त्यात एकवीस वर्षांनी गाठ. प्रवासी कंडक्टरचा चेहरा बघतो का हो, तो सुट्ट्यांकडे बघतो. ओळखलं नसेल, किंवा ओळखूनही गप्प बसला असेल, मी त्या गाडीत नव्हते. पण ओळखून गप्प तर तुम्हीपण बसलात, आणि हिशोब बघितला तर देणं तुमच्याकडंच निघतंय! खिशात आठ रुपये सुट्टे ठेवा, भेटला की हातावर टेकवा आणि म्हणा, स्वारगेटची बाकी राहिलीय साहेब, तिकीट दाखवा. आणि माप आजच कळवा, एक नंबर मोठंच सांगा, हे असले टी-शर्ट पहिल्या धुण्यात आटतात.