'हर्ट'चा 'हार्ट'शी काही संबंध नाही

'मी फार हर्ट झालो' या बोलण्यातला 'हर्ट' हा शब्द 'हार्ट'वरून, म्हणजे पर्यायाने आपल्या 'हृदया'वरूनच आला आहे का, असे कोल्हापुरातील एका वाचकाने विचारले आहे. मुळीच नाही. केवळ ध्वनिसाम्यावर उभी असलेली ही व्युत्पत्ती व्याख्यानांतूनही ठामपणे सांगितली जाते, याची मला मनापासून चीड येते. 'हार्ट' हा शब्द लॅटिन 'कोर', ग्रीक 'कार्दिया' आणि संस्कृत 'हृद्' यांच्या गोतातला आहे; 'हर्ट' मात्र इ. स. १२००च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि तेथे त्याचा अर्थ होता धडक देणे, आदळणे. इटालियनमधील 'उर्तारे' आणि इंग्रजीतील 'हर्टल' ही त्याचीच भावंडे होत.

खरी गंमत याच्याही मागे आहे. जुन्या नॉर्स या जर्मानिक भाषेत 'ह्रूत्र' म्हणजे एडका, आणि वेल्श या केल्टिक भाषेत एडक्याला जो शब्द आहे त्याचाच दुसरा अर्थ जोराचा धक्का असा आहे. फ्रेंच शब्दाचे मूळ जर्मानिक की केल्टिक, यावर कोशकारांचे एकमत नाही, आणि बरेच जण 'मूळ अनिश्चित' असा शेरा मारून मोकळे होतात. ही सावधगिरी मला अनाठायी वाटते, कारण दोन्ही वाटा एडक्यापाशीच पोहोचतात. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला येणाऱ्या कोणत्याही धनगराला हे पटवून द्यावे लागणार नाही: एडका चार पावले मागे सरतो, मान खाली घालतो आणि धावत येऊन कपाळ आदळतो, त्या टकरीचे नाव पुढे तिच्यामुळे होणाऱ्या इजेला मिळाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याने तर या शब्दाचा शारीरिक अर्थच धरून ठेवला आहे. २०२४पर्यंत लागू असलेल्या १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१९मध्ये 'हर्ट' म्हणजे शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता निर्माण करणे, अशी व्याख्या होती. दुखावलेल्या भावनांचा त्यात उल्लेख नव्हता.

'हर्ट झालो' हा प्रयोग मात्र मला अनावश्यक वाटतो. तालमीत पैलवानाचा गुडघा दुखावतो आणि कठोर शब्दांनी मित्राचे मनही दुखावते; शरीर आणि मन या दोहोंना चालणारे क्रियापद मराठीत असताना 'मी दुखावलो' असेच म्हणावे.