बीएस्सी गणित झालंय. नाशिकमध्ये राहून एमएस्सी मॅथ्स करू की पुण्याला जाऊ? झेपेल का?

घरातून पुण्याचा खर्च निघणार नसेल तर नाशिकमध्ये खुशाल करा. मीही इथेच केलं. इथली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे पदवी त्याच विद्यापीठाची मिळते. पुण्याचा खरा फायदा वेगळाच. भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आणि आयसर ही विज्ञान संशोधन संस्था जवळ, बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांची व्याख्यानं, आणि एका प्रमेयावरून तासभर वाद घालणारी मुलं आजूबाजूला. इथे ती संगत आपली आपण जमवावी लागते.

झेपण्याचं म्हणाल तर पहिलं सेमिस्टर जड जातं, हुशार मुलांनाही. बीएस्सीला इंटिग्रल सोडवून मार्क पडायचे. एमएस्सीला रिअल अ‍ॅनालिसिस, अल्जेब्रा, पुढे टोपोलॉजी, आणि सगळीकडे एकच मागणी: सिद्ध करा. गाईडमधली सिद्धता पाठ करून पेपर निघेलही, पण पुढचा विषय अंगावर येतो.

एक उदाहरण देतो. ० ते १ या अंतरावर क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन अशी फलनांची (फंक्शन्सची) रांग घ्या. प्रत्येक फलन सलग (कंटिन्युअस) आहे, म्हणजे आलेख कुठे तुटत नाही. घात वाढवत नेला की १ सोडून सगळीकडे किंमत ० कडे जाते, १ वर मात्र ती १ च राहते. म्हणजे सलग फलनांची सीमा (लिमिट) तुटक निघाली! असं का झालं? ०.९ चा दहावा घात साधारण ०.३५ वर येतो, पण ०.९९ चा दहावा घात अजून ०.९ च्या वरच असतो. १ च्या जितकं जवळ जाल तितका मोठा घात लागतो. सगळ्यांना पुरेल असा एक घात सापडतच नाही. असा एकच घात सगळ्यांना पुरला तर त्याला युनिफॉर्म कन्व्हर्जन्स म्हणतात; हे हाताने करून पाहिलं की त्याची व्याख्या पाठ करावी लागत नाही. प्रत्येक व्याख्येशी असंच भिडा: एक अट काढून टाका आणि काय मोडतं ते शोधा.

हे एकट्याने होत नाही. नाशिकमध्ये अभ्यासिका पुष्कळ आहेत, पण तिथे एमपीएससीची मुलं बसलेली, तोंडातून शब्द काढायची सोय नाही. गणित मात्र बोलूनच पक्कं होतं. म्हणून लेक्चर संपल्यावर वर्गाची परवानगी मागा आणि फळ्यावर एकाने सिद्धता मांडायची, दुसऱ्याने प्रत्येक ओळीला 'का?' विचारायचं. शिक्षकांना हे कळलं की तेही येऊन बसतात, माझा अनुभव आहे. एखाद्या विषयाला शिक्षक नसतील तर एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत.

नोकरीचंही आत्ताच डोक्यात ठेवा. नुसत्या एमएस्सीवर सीनियर कॉलेजला कायम जागा मिळत नाही, नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते. अकरावी-बारावीला शिकवायचं तर बीएड. गणितवाल्यांची नेट म्हणजे सीएसआयआर नेट; तिच्या गणिताच्या पेपरात सी भागात एका प्रश्नाचे अनेक पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच मार्क. तिथे अशी मोडून पाहिलेली उदाहरणंच कामी येतात, म्हणून पहिल्या वर्षापासून त्यांची वेगळी वही ठेवा.